ऑपरेशननंतर पाचव्या वर्षी

घोरण्यावर ऑपरेशन करायचं ठरलं की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: एकदाचं होऊन जाऊ दे. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी काय होतं ते डॉक्टर सांगतात, ऑपरेशन झालेला शेजारीही सांगतो. पाच वर्षांनी काय होतं ते सांगायला सहसा कोणी नसतं, कारण तोवर रुग्ण पुन्हा तपासायला गेलेलाच नसतो. मला त्या पाचव्या वर्षाबद्दल लिहायचं आहे.

त्यासाठी इथे दोन माणसं उभी केली आहेत. ताई चिखलीत घरकुल वसाहतीत राहते आणि एका खासगी रुग्णालयात कान-नाक-घशाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. तिचा धाकटा भाऊ झोपेत श्वास सुरळीत ठेवणारी सी-पॅप मशीन पुरवणाऱ्या एका कंपनीत टेक्निशियन आहे. घरोघरी जाऊन झोपेची तपासणी लावणं हे त्याचं काम. वाद आहे ताईच्या यजमानांवरून, म्हणजे भावाच्या दाजींवरून. दाजी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहेत. दर आठवड्याला त्यांची शिफ्ट बदलते आणि मोशीवरून पुणे-नाशिक रस्त्याने ते मोटरसायकलवर जातात. ही तिघं कल्पित आहेत. त्यांच्या तोंडी आलेलं संशोधन आणि आकडे खरे आहेत.

ताई: मी हे रोज बघते रे. टाळू सैल, टॉन्सिल सुजलेले, पडजीभ लोंबलेली. डॉक्टर ते सगळं आवळून नीट करतात. माणूस दोन आठवडे घशाच्या दुखण्याने रडकुंडीला येतो आणि महिन्याने बायकोला घेऊन पेढे द्यायला येतो. ती बायको खोटं बोलते का?

भाऊ: खोटं कशाला बोलेल? पण ती महिन्याने आली. पाच वर्षांनी कोण आलं पेढे घेऊन?

ताई: बरा झालेला माणूस पाच वर्षांनी दवाखान्यात कशाला येईल?

भाऊ: बरा न झालेलाही येत नाही, ताई. तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, नाहीतर नशिबाला बोल लावत बसतो. म्हणून तुमच्या थिएटरला सगळेच बरे झालेले दिसतात. अमेरिकेत १९९४ साली घोरण्यासाठी ऑपरेशन केलेल्यांची पाहणी छापून आली. सुरुवातीला ८७ टक्के लोक म्हणत होते, घोरणं कमी झालं. वर्षभरानंतर तेच म्हणणारे ४६ टक्के उरले.

ताई: वर्षात एवढं कसं बदलेल? कापलेला टाळू परत वाढतो काय?

भाऊ: वाढत नाही, पण घसा म्हणजे नुसता टाळू नव्हे. मोटरने पाणी ओढताना मऊ नळी चपटी होते, तसा झोपेत घसा आत ओढला जातो. एका जागी तो घट्ट केला की जिभेच्या मुळाशी चिमटतो, बाजूच्या भिंतींशी चिमटतो. त्यात वय वाढतं, स्नायू ढिले पडतात. दाजींचा पट्टा तर दर दिवाळीला एक भोक पुढे सरकतोय. टाळूवरचा व्रण आकसून वेगळीच अडचण करतो, ते आणखी निराळं.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण या ऑपरेशनचा उगम घोरण्याच्या आवाजात आहे, आजारात नाही. जपानमध्ये डॉ. इकेमात्सू यांनी १९५०च्या दशकात सवयीने घोरणाऱ्यांच्या टाळूवर ऑपरेशनं सुरू केली. पुढे अमेरिकेत डेट्रॉइटला डॉ. शिरो फुजिता यांनी त्यात सुधारणा करून १९८१ साली ते झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांसाठी मांडलं. पडजीभ, सैल टाळू आणि टॉन्सिल काढून घसा मोकळा करायचा, ही त्यामागची कल्पना. त्याच १९८१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हलक्या दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. तीच आजची सी-पॅप. ताई आणि भाऊ ज्या दोन बाजूंनी भांडत आहेत, त्या जवळपास एकाच वेळी जन्मल्या. त्या एकमेकींच्या वैरी असायला हव्यात, असं मला कधीच वाटलेलं नाही.

भाऊ: आणि आवाज जाणं म्हणजे आजार जाणं नव्हे. माझी खरी भीती ती आहे. १९९०च्या सुमारास पॅरिसच्या डॉ. कामामींनी लेझरने पडजीभ आणि टाळू कमी करायची पद्धत आणली. ओपीडीत बसल्या बसल्या व्हायची, म्हणून जगभर धूमधडाक्यात सुरू झाली. लोकांचा आवाज कमी झाला, पण श्वास अडकायचा तसाच अडकत राहिला. काहींचा तर वाढला. शेवटी २००१मध्ये अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, श्वास अडकण्याच्या आजारावर हे लेझर वापरू नका. नुसत्या घोरण्यासाठी करायचं असेल तरी आधी झोपेची तपासणी करा.

ताई: लेझरचं ठीक आहे, ते आमच्याकडेही कोणी करत नाही आता. पण आवाज गेला हे वाईट कसं? एका खोलीत आम्ही चौघं झोपतो. पोरगी दहावीला आहे. तिला झोप नको?

भाऊ: हवी ना. पण तुला रात्री जाग का येते? दाजी घोरताना मध्येच गप्प होतात आणि मग मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास घेतात, तेव्हाच ना? त्यांना हलवून कुशीवर वळवतेस ती तूच. तो आवाज गेला की तुलाही कळणार नाही आणि त्यांनाही नाही. श्वास थांबतोच आहे, ऑक्सिजन उतरतोच आहे, आणि घरात सगळे निवांत झोपलेत.

भाऊ बोलतो तो मुद्दा डॉक्टरांच्या भाषेत एका आकड्यावर चालतो. तासाभरात श्वास किती वेळा अडकला किंवा उथळ झाला, आणि प्रत्येक वेळी किमान दहा सेकंद, ते मोजतात. तासाला ५ पेक्षा कमी म्हणजे ठीक. १५ ते ३० म्हणजे मध्यम आजार, ३० च्या वर म्हणजे तीव्र. आपल्याकडे याचं पहिलं मोठं मोजमाप मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं आणि २००४ साली ते प्रसिद्ध झालं. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेले ३५ ते ६५ वयाचे ६५८ पुरुष. त्यांच्यातलं प्रमाण पाहता झोपेत श्वासाचा बिघाड १९.५ टक्क्यांना, आणि त्यासोबत दिवसा झोप येणारे ७.५ टक्के. आजारी म्हणून आलेले हे लोक नव्हते. तरी घराघरात घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण मानलं जातं. बप्पी लाहिरी यांचं फेब्रुवारी २०२२मध्ये मुंबईत निधन झालं आणि डॉक्टरांनी कारण म्हणून स्लीप अ‍ॅप्नियाचं नाव घेतलं, तेव्हा अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

ताई: बरं, आकड्यावर बोलू. तुमच्या आकड्यांत ऑपरेशन यशस्वी किती?

भाऊ: १९९६ साली शेर नावाच्या डॉक्टरांनी तोवरचे सगळे अभ्यास गोळा केले. टाळूच्या ऑपरेशनचं यश ४०.७ टक्के. आणि यश कशाला म्हणायचं तर आकडा निम्म्यावर आला आणि २० च्या खाली गेला. म्हणजे १९ वर थांबलेला माणूसही यशस्वी. मशीन लावून माझा कुठला पेशंट १९ वर थांबला तर मला साहेब घरी बसवतील.

ताई: अरे, पण तो सरसकट सगळ्यांचा आकडा आहे. ज्याचे टॉन्सिल दाण्याएवढे आणि जीभ जाडजूड, त्याचा टाळू कापला तर काय होणार? २००२मध्ये शिकागोच्या डॉ. फ्रीडमन यांनी रुग्णांचे गट पाडून दाखवले. टॉन्सिल मोठे, जीभ खाली बसलेली, वजन बेताचं, अशांत यश ८० टक्के. टॉन्सिल लहान किंवा नाहीतच आणि जीभ वर फुगलेली, अशांत ८ टक्के. ऑपरेशन तेच, माणूस वेगळा. आमचे डॉक्टर आता झोपेचं औषध देऊन नाकातून दुर्बीण घालतात आणि घसा नेमका कुठे मिटतो ते डोळ्यांनी बघतात. आणि पूर्वीसारखं भसाभसा कापत नाहीत. टाळू पुढे ओढून बाजूला टाक्यांनी बांधतात. नाकातून पाणी यायचं, आवाज बदलायचा, ते आता फार क्वचित दिसतं.

भाऊ: हे मला मान्य आहे.

ताई: थांब, संपलं नाही माझं. स्वीडनमध्ये ६५ माणसं घेतली, सगळी मशीन न झेपलेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांचा आकडा ५३ वरून २१ वर आला, नुसतं थांबलेल्यांचा जेमतेम ११ टक्क्यांनी उतरला. दोन वर्षांनी पुन्हा तपासलं तर फायदा बराचसा टिकून होता. ऑस्ट्रेलियात २०२०मध्ये असाच अभ्यास झाला, टाळूबरोबर जिभेवरही काम केलं. ४८ चा आकडा २१ वर आला.

भाऊ: २१ म्हणजे अजून मध्यम आजारच.

ताई: हो. आणि तुझं मशीन? सात देशांत, आपला भारतही त्यात, हृदयाचे २,७१७ रुग्ण घेतले. २०१६ला निकाल आला. मशीन रात्री सरासरी किती तास लावलं? ३.३ तास. हार्ट अटॅक आणि लकव्यात फरक पडला नाही. आता हिशेब कर. ५३ आकड्याचा माणूस सात तास झोपतो. ३.३ तास मशीन लावलं, तेवढ्यात श्वास एकदाही अडकला नाही असं धरू. उरलेल्या ३.७ तासांत १९६ वेळा अडकला. सातने भाग.

भाऊ: अठ्ठावीस.

ताई: ऑपरेशनवाला २१, तुझा मशीनवाला २८. कपाटात ठेवलेल्या मशीनने आजपर्यंत कोणाचा श्वास मोकळा केला नाही.

हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो आणि मशीनची बाजू घेणारे तो क्वचितच मांडतात. मास्क तोंडावर असताना सी-पॅपच्या जवळपास जाईल असा उपाय नाही. पण माणसं तो पहाटे दोन-तीनला काढून टाकतात. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, आणि श्वास सर्वांत वाईट अडकतो तो त्याच झोपेत. ऑपरेशनचा फायदा कमी असेल, पण तो रात्रभर असतो. म्हणून मशीनने अमुक आणि ऑपरेशनने तमुक अशी तुलना करताना, त्या माणसाने ते मशीन खरोखर किती लावलं हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

भाऊ: तुझा हिशेब बरोबर आहे. पण त्या २८ मधले तास मी वाढवू शकतो. मास्क बदलतो, दाब कमी करतो, नाक चोंदलं असेल तर तुमच्याकडे पाठवतो. तुझा २१ वर्षागणिक वाढत जातो आणि ते कळत नाही, कारण कोणी मोजतच नाही. लांब मुदतीचे अभ्यास एकत्र केले २०१९मध्ये. सुरुवातीला साधारण दोन तृतीयांश रुग्णांना फायदा दिसत होता, तीन वर्षांच्या पुढे तो निम्म्याहूनही कमी लोकांत उरला. अमेरिकेत विस्कॉन्सिनला ६९० लोकांना चार वर्षं बघितलं, वजन १० टक्क्यांनी वाढलं की श्वास अडकणं ३२ टक्क्यांनी वाढतं. दाजींचं आठ किलो वाढलं की झालं. आणि जुन्या पद्धतीने टाळू कापला असेल तर पुढे मशीन लावायची वेळ आली की हवा तोंडातून गळते. म्हणजे एक दार बंद करून दुसऱ्या दाराची कडीही ढिली करून ठेवायची.

ताई: म्हणजे तुझं म्हणणं, करूच नये?

भाऊ: लहान पोरांत करावंच. तिथे मी तुझ्या बाजूला. शेजारच्या बिल्डिंगमधला तो पोरगा, तोंड उघडं टाकून झोपायचा, त्याचे टॉन्सिल आणि नाकामागची गाठ काढली आणि पोरगा बदलला. अमेरिकेत ४६४ मुलांवर तसाच अभ्यास झाला, २०१३ला छापून आला. ऑपरेशन केलेल्यांत ७९ टक्के मुलांची तपासणी सात महिन्यांत नॉर्मल आली, नुसती वाट पाहिलेल्यांत ४६ टक्के.

ताई: म्हणजे वाट पाहूनही जवळपास निम्मी सुधारली.

भाऊ: सुधारली. म्हणून पोरांनाही आधी तपासायचं.

ताईने स्वतःच्या बाजूला अडचणीचा ठरणारा आकड्याचा अर्थ स्वतःच बोलून दाखवला, हे मी मुद्दाम ठेवलं आहे. अशी माणसं घरात असतील तर उपचाराचा निर्णय चांगला होतो.

मग पैशांची गोष्ट निघते, आणि ती टाळून हा विषय पुरा होत नाही.

ताई: तू मशीनचं कौतुक करतोस, पण मशीन म्हणजे यांचे दोन-तीन पगार. ऑपरेशनला मेडिक्लेम निदान विचारतो तरी, मशीनला तो बहुतेक वेळा हात लावत नाही. मग गरिबाने काय निवडायचं? आणि तुझी नोकरीच मशीन खपण्यावर आहे, हे विसरू नकोस.

भाऊ: तुझी ऑपरेशन होण्यावर आहे.

ताई: आहे. म्हणून तर दोघांचंही ऐकून यांनी ठरवावं.

ताईचं हे म्हणणं चिखली-तळवडे-चाकण पट्ट्यात फार लोकांना लागू पडतं. उपाय कोणता निवडायचा हे कित्येकदा घसा ठरवत नाही, विम्याच्या कागदावरची एक ओळ ठरवते. ऑपरेशन एकदा, बिल एकदा. मशीनला दर काही महिन्यांनी मास्क, नळी, फिल्टर. वीज गेली की रात्र वाया. पण तेवढ्यावरून ऑपरेशन स्वस्त ठरत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पुन्हा मशीन घ्यावं लागलं तर दोन्ही खर्च झाले.

आणि एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात उशिरा आली, ती आधी यायला हवी होती असं मला वाटतं.

ताई: यांना दिवसा झोप येते ती घोरण्यानेच कशावरून? थर्ड शिफ्ट करून सकाळी आठला घरी येतात. नळाला पाणी आलेलं असतं, पोरांची शाळेची गडबड, खाली टेम्पोवाले ओरडतात. चार तास झोप झाली तर नशीब. ऑपरेशन करून ते जाणार आहे का?

भाऊ: नाही जाणार. मशीननेही नाही जाणार. पेंग तीच, कारणं दोन. म्हणून तपासणी थर्ड शिफ्टच्या आठवड्यात लावू नये. जनरल किंवा फर्स्टचा आठवडा बघू, नीट झोप मिळेल तेव्हा. तरीही आकडा जास्त निघाला तर आजार आहे. आणि आजार असो वा नसो, थर्ड शिफ्टनंतर मोटरसायकल चालवायची नाही. कंपनीच्या बसने यायचं. श्वासाचा आजार असलेल्याला अपघाताचा धोका दुपटीहून अधिक आहे, आणि तिकडे प्रेसवर डुलकी लागली तर बोटं जातात.

ताई: बस मोशीच्या चौकात सोडते, तिथून अर्धा तास.

भाऊ: तो अर्धा तास मी येईन न्यायला.

नाकाच्या ऑपरेशनवर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. दाजींच्या नाकाचा पडदा वाकडा आहे. ‘नाकाचं हाड वाढलंय, ते काढलं की घोरणं जाईल’ असं त्यांना कंपनीतल्या कोणीतरी सांगितलेलं. नुसत्या नाकाच्या ऑपरेशनने श्वास अडकण्याचा आकडा फारसा उतरत नाही, हे ताईलाही ठाऊक आहे. पण नाक मोकळं झालं की मशीन कमी दाबावर चालतं आणि मास्क सोसवतो. ऑपरेशनला मशीनच्या मदतीला उभं करायचं, हा मार्ग लोकांना क्वचितच सुचवला जातो. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनचाही विषय निघाला. टिर्झेपाटाइडला लठ्ठपणासह असलेल्या या आजारासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४मध्ये परवानगी मिळाली आणि मार्च २०२५मध्ये ते औषध भारतात आलं. पण दरमहा इंजेक्शनचा खर्च ऐकून ताईने तो विषय तिथेच थांबवला.

ताई: मग ठरव एकदाचं. आधी काय?

भाऊ: आधी घरी तपासणी. मी लावणार नाही, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, म्हणजे मशीन विकायला आकडा वाढवला असं कोणी म्हणायला नको. आकडा ३० च्या वर आला तर तीन महिने मशीन भाड्याने. झेपलं तर तेच. नाही झेपलं, किंवा टॉन्सिल खरंच मोठे असतील, तर तुमच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीने बघू आणि ऑपरेशन करू. पण डॉक्टरांकडून आधी कबूल करून घ्यायचं, सहा महिन्यांनी पुन्हा झोपेची तपासणी, मग दर वर्षी. पाचव्या वर्षीसुद्धा. घोरणं थांबलं म्हणून ती रद्द करायची नाही.

ताई: आणि वजन सहा किलोने वाढलं तर वर्ष संपायची वाट बघायची नाही, लगेच. हे मी सांगेन डॉक्टरांना, कागदावर लिहून घेईन. आता माझी अट ऐक. तुमची कंपनी मशीन देते आणि गायब होते. मशीनमधल्या कार्डावर रोज किती तास लावलं ते सगळं नोंदलेलं असतं ना? दर तीन महिन्यांनी ते कार्ड तू स्वतः येऊन वाचायचंस. तास कमी पडत असतील तर मास्क बदलून द्यायचास आणि तरीही जमलं नाही तर तूच मला सांगायचंस, की ताई, आता ऑपरेशनचं बघा.

भाऊ: सांगेन.

ताई: पगार मशीनवर आहे तरी?

भाऊ: तरी. कार्डाचे आकडे मी तुझ्या मोबाइलवरही टाकत जाईन, मला विचारायची गरज पडायला नको.